‘फॉरमॅट दाबा, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

शनिवारी रात्री पावणेअकराला धाकट्या नणंदेचा फोन आला. या वेळेला तिचा फोन म्हणजे कुणाला तरी दवाखान्यात नेलंय, असंच आधी वाटतं. “वहिनी, हा काही बोलत नाहीये. नुसता लॅपटॉपसमोर बसलाय. ग्रुपवर आलं होतं तसंच केलं म्हणतो.” मग भाच्याने फोन हातात घेतला. “मामी, मी ई ड्राइव्ह फॉरमॅट केली. त्यात लिहिलं होतं की काही जात नाही.”

‘त्यात’ म्हणजे त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजमध्ये. ‘एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स वापरणाऱ्यांनी सावधान’ असं वर ठळक, खाली सात मुद्दे, शेवटी हात जोडलेले. तो मेसेज त्या आठवड्यात मला आणखी तिघांकडून आला. एक ऑफिसमधला, एक माझ्या शाळेच्या बॅचचा, एक चक्क भजनी मंडळाचा. इतके दिवस मी असल्या गोष्टी अंगठा फिरवून पुढे ढकलत होते. पण ई ड्राइव्हवर भाच्याचे पाच वर्षांचे फोटो होते, त्यामुळे आता लिहितेच.

आधी थोडी पार्श्वभूमी. त्याचा लॅपटॉप २०१७ चा, इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवा लॅपटॉप घ्यायचा नव्हता आणि कॉलेजच्या लॅबचं एक सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही, म्हणून मीच विंडोज ठेवून शेजारी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, टाकून दिलं होतं. चालू करताना विचारतं, कुठे जायचं? असं घरोघरी झालंय सध्या. आणि म्हणूनच हा मेसेज इतका पळतोय. नवीन बिऱ्हाड थाटलेल्यांना सल्ले देणारे फार.

सातही मुद्दे सारख्या लायकीचे नाहीत, त्यामुळे ओळीने जाणार नाही. जिथे माणसं बुडतायत तिथून सुरू करते.

मुद्दा चौथा, जवळजवळ जसाच्या तसा: ‘विंडोजमध्ये डिस्क जोडल्यावर “ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल” असं आलं तर घाबरू नका. तो लिनक्सने खराब केलेला भाग असतो. फॉरमॅट दाबा. “क्विक फॉरमॅट”ची खूण काढून टाका म्हणजे नीट साफ होईल. तुमच्या फाइल्स लिनक्समध्ये सुरक्षित राहतात.’

ही पाच वाक्यं ज्याने लिहिली त्याला एकदा भेटायचंय.

विंडोजला ती डिस्क खराब दिसत नाही, तिला ती वाचता येत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्कवर फाइल्स मांडायची विंडोजची स्वतःची पद्धत एनटीएफएस, १९९३ पासूनची. लिनक्स बहुतेक वेळा ईएक्सटी४ वापरतं. कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे, नाव काय, किती मोठी, याची नोंद दोघंही ठेवतात, पण वेगवेगळ्या लिपीत. ईएक्सटी४ वाचायची सोय विंडोजमध्ये मुळात नाहीच. आमच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत जमिनीचे मोडीतले कागद आहेत. घरात कुणाला एक अक्षर लागत नाही. म्हणून ते कुणी रद्दीवाल्याला घातले नाहीत, आणि रद्दीवाल्याने ‘कोरेच आहेत, द्या’ म्हटलं असतं तरी घातले नसते. विंडोज इथे नेमकं ते म्हणतंय: मला वाचता येत नाही, म्हणजे कोरं असणार, खोडून माझ्या लिपीत सुरू करू का? आणि मेसेज सांगतोय, हो म्हणा.

‘फाइल्स लिनक्समध्ये सुरक्षित राहतात’ हे तर कहर आहे. कुठल्या लिनक्समध्ये? फाइल एकच आहे, एकाच जागी आहे. दोन खिडक्यांतून आपण एकाच खोलीत बघतोय. खोलीतलं सामान बाहेर फेकलं की दुसऱ्या खिडकीतून ते कसं दिसेल?

बरं, हा प्रश्न विंडोज विचारतंच का, तेही सांगते, कारण हे मला कुठल्याच सल्लेबाजाच्या तोंडून ऐकू आलेलं नाही. डिस्कच्या प्रत्येक भागावर, म्हणजे पार्टिशनवर, एक प्रकाराची चिठ्ठी असते: हा भाग विंडोजच्या साध्या डेटाचा, हा लिनक्सचा, हा अमक्याचा. आत खरोखर काय भरलंय याच्याशी त्या चिठ्ठीचा थेट संबंध नाही. ती नुसती पाटी. लिनक्सची पाटी असलेल्या भागाला विंडोज सहसा ड्राइव्हचं अक्षरच देत नाही, गप्प बसतं. म्हणून लॅपटॉपच्या आतल्या लिनक्सबद्दल असा प्रश्न एरवी येत नाही. पण बाहेरून जोडायची डिस्क दुकानातून येते तीच विंडोजची पाटी लावून. भाच्याने ती आणली, लिनक्समधून आतला भाग ईएक्सटी४ केला, पाटी तशीच राहिली. घर बदललं, दारावरचं नाव जुनंच. मग विंडोज येतं, पाटी वाचतं, ‘अरे हे आपलंच’ म्हणून ई अक्षर देतं, आत डोकावतं, काही लागत नाही, आणि विचारतं फॉरमॅट करू का. त्या चौकटीत ‘कॅन्सल’ असतं. ते दाबायचं. एवढंच.

रविवारी चर्नी रोडहून निघाले. सेंट्रलला मेगाब्लॉक, दादरला अर्धा तास, भांडुपला पोचेपर्यंत साडेबारा. नणंदेने दार उघडलं आणि आधी जेवायला बसवलं. कुठलंही संकट असो, तिच्याकडे आधी ताट. भाचा समोर बसून वरण-भात चिवडत होता.

“क्विकची खूण काढलीस?” मी विचारलं.

“नाही. काढली तर खूप तास लागणार होते. मला झोपायचं होतं.”

त्या आळसाला मी मनातून नमस्कार केला. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिणं. मेसेजचं ऐकून खूण काढली असती तर आम्ही दोघं नुसते वरण-भात खाऊन उठलो असतो. क्विक फॉरमॅट फक्त नवी वही सुरू करतो. जुनी पानं खाली बरीचशी तशीच असतात, वरच्या थोड्या पानांवर नवं लिहिलं जातं. आणि ती डिस्क जुन्या धाटणीची, फिरणाऱ्या तबकडीची होती. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असती तर फॉरमॅट करतानाच विंडोज तिला ‘हे सगळं रिकामं समज’ असा निरोप देतं, आणि मग शोधायला काही उरलंच असतं असं नाही.

पुढचं थोडक्यात. डिस्कला हात लावायचा नाही, तिच्यावर काहीही लिहायचं नाही. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढली. साडेतीन तास गेले. सगळे प्रयोग त्या प्रतीवर. ईएक्सटी४ आपल्या मुख्य नोंदीच्या जादा प्रती डिस्कभर ठेवतं, पहिली जादा प्रत साधारणतः ३२७६८ व्या ब्लॉकवर. सुरुवातीची मूळ नोंद विंडोजने पुसली होती, ही शाबूत होती. तिच्यावरून दुरुस्ती चालवली आणि फोल्डर दिसायला लागले. भाचा स्क्रीनवर बोट ठेवून मोठ्याने वाचत होता: “चिंतामणी आगमन... राजा... नारळी पौर्णिमा कोळीवाडा... आहे, आहे, आहे.” एका वर्षाचा फोल्डर नाही आला. त्यातले बरेच फोटो नावाऐवजी नुसते आकडे होऊन ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये पडले होते. काही फोटोरेक या गेलेले फोटो शोधणाऱ्या प्रोग्रॅमने एकेक करून उपसले, तेही बिननावाचे. साधारण चौदा हजारांपैकी तीनशेच्या आत-बाहेर गेलेच. विसर्जनाच्या रात्री गिरगाव चौपाटीवर पावसात काढलेले त्यात होते. ते मी पाहिलेले होते, म्हणून मला माहीत आहे काय गेलं ते.

फोटोंची दुसरी प्रत का ठेवली नव्हती, हे मी त्याला विचारलं नाही. त्याच्या आईने विचारलं. मी तेव्हा चहा घ्यायला आत गेले.

आता मुद्दा पहिला. ‘लिनक्स सुरू केलं की ते विंडोजच्या ड्राइव्हला कुलूप लावतं. फाइल दिसते पण सेव्ह होत नाही. हा लिनक्सचा व्हायरस आहे. खालील आज्ञा चालवा.’ आणि खाली आज्ञा. त्यात एक पर्याय असा की विंडोजची हायबरनेशनची फाइल उडवून लावा, आणि तेवढ्याने झालं नाही तर ‘एनटीएफएसफिक्स, म्हणजे लिनक्सचं चेकडिस्क’ चालवा. (चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन.)

कुलूप दिसतं हे खरं आहे. माझ्याकडेही दिसलं आहे. पण लावलेलं कुणी? विंडोजने.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासून चालू असते. आपण ‘शट डाउन’ दाबतो तेव्हा विंडोज पुरतं बंद होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद करतं, पण स्वतःच्या डोक्यात जे आहे ते एका फाइलमध्ये (तीच ती हायबरनेशनची फाइल) उतरवून झोपी जातं, म्हणजे सकाळी पटकन उठता येतं. त्या डोक्यात डिस्कचा हिशेबही असतो. वाणी दुकानाला फळी लावून जेवायला गेला, अर्धी उधारी वहीत, अर्धी डोक्यात. मधल्या वेळेत तुम्ही मागच्या दाराने शिरून त्याच वहीत चार नोंदी केल्या. वाणी परत येतो, वही पुन्हा वाचत बसत नाही, डोक्यातलं तसंच खाली उतरवतो. आता ती वही कुणाच्याच कामाची नाही. हे होऊ नये म्हणून लिनक्सला विंडोजचे ड्राइव्ह वाचून-लिहून देणारा एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर सांगतो: विंडोज झोपलंय, तुला वाचू देतो, लिहू देणार नाही.

हे माझं मत नाही. एनटीएफएस-३जीच्या स्वतःच्या मॅन पेजवर, म्हणजे त्याच्या माहितीपानावर, हे लिहिलेलं आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने ती आज्ञा बहुधा तिथूनच उचलली, खालची दोन वाक्यं वगळून. तिथे म्हटलंय की ड्राइव्ह हायबरनेट अवस्थेत असेल तर लिहिण्याची परवानगी नाकारली जाते आणि फक्त वाचण्यापुरतीच ती जोडली जाते. एकतर विंडोजमध्ये परत जाऊन ते नीट बंद करा, नाहीतर हायबरनेशनची फाइल काढणारा हा पर्याय वापरा. आणि पुढे स्पष्ट बजावलंय की असं केल्याने विंडोजचं साठवून ठेवलेलं सत्र संपूर्ण जाईल, स्वतःच्या जबाबदारीवर वापरा. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हे शब्द फॉरवर्ड करताना जड झाले असावेत. एनटीएफएसफिक्सचं मॅन पेज तर याहून रोखठोक आहे: हे लिनक्सचं चेकडिस्क नव्हे, असं तिथे ‘नव्हे’ मोठ्या अक्षरांत आहे. ते काही प्राथमिक गडबडी सुधारतं, नोंदींचं रोजनामचं (चालू बदलांची टिपणवही) कोरं करतं आणि विंडोजला सांगून ठेवतं की पुढच्या वेळी उठशील तेव्हा तूच तपास. म्हणजे खरं काम विंडोजकडेच. मेसेजमध्ये याच्या बरोब्बर उलट.

एक गोष्ट मान्य करते, जरा नाइलाजाने. बऱ्याच जणांनी ही आज्ञा चालवली आणि त्यांचं काही बिघडलं नाही. फास्ट स्टार्टअपमध्ये तुमचे उघडे प्रोग्रॅम आधीच बंद झालेले असतात, त्यामुळे सत्र गेलं तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. पण ज्याने खरोखर हायबरनेट केलंय आणि वर्डमध्ये न साठवलेली आठ पानं उघडी आहेत, त्याची पानं गेली. नऊ जण रूळ ओलांडून सुखरूप पलीकडे गेले म्हणून दहाव्याला ‘पूल कशाला चढतोस’ म्हणायचं का?

खरा उपाय दोन मिनिटांचा आहे. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, तिथे पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवरचं बटण काय करेल हे ठरवायची जागा, ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला’ यावर टिचकी, आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. मोठं अपडेट आलं की एकदा पुन्हा बघा, ती खूण परत आलेली नाही ना. घाई असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतं. आणखी एक गंमत: ‘रीस्टार्ट’नेही पूर्णच बंद होऊन उठतं. म्हणजे आपल्याला जे अर्धवट वाटतं ते पूर्ण आणि जे पूर्ण वाटतं ते अर्धवट. हे नाव ठेवणाऱ्याने नीट विचार केला नाही, एवढा दोष मी विंडोजला देईन.

आज्ञा मी इथे मुद्दाम देत नाही. न वाचता चिकटवायच्या आज्ञा, हाच तर मूळ रोग आहे.

दुसरा मुद्दा, ‘लिनक्स विंडोजचा पासवर्ड तोडून फाइल्स उघडतं, ते हॅकरचं सॉफ्टवेअर आहे.’ तोडत वगैरे काही नाही. विंडोजचा पासवर्ड हा विंडोजच्या दारावरचा वॉचमन. विंडोज चालू नसेल तर वॉचमनही ड्यूटीवर नाही. तीच डिस्क काढून शेजारच्या विंडोज लॅपटॉपला जोडली तरी फाइल्स अशाच उघडतील, लिनक्स लागतच नाही. यातली चिंता मात्र खोटी नाही: लॅपटॉप लोकलमध्ये विसरला तर नुसत्या पासवर्डचा उपयोग शून्य. त्यासाठी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हलाच कुलूप घालायची विंडोजची सोय, असतं. ते चालू असेल तर लिनक्सही बाहेरच थांबतं आणि किल्ली मागतं. क्रिप्टसेटअप या लिनक्सच्या कुलूप-किल्ली सांभाळणाऱ्या साधनाच्या २०२० मधल्या २.३ आवृत्तीपासून लिनक्सला ती किल्ली लावून अशी ड्राइव्ह उघडता येते. किल्ली म्हणजे ४८ आकडे. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकताना, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने शिरलात तर हे कुलूप पुष्कळ लॅपटॉपवर न विचारता लागतं. म्हणून शेजारी लिनक्स टाकायच्या आधी खात्यात जाऊन ते ४८ आकडे कागदावर उतरवा. हे त्या मेसेजमध्ये असतं तर मी स्वतः चार ग्रुपवर टाकला असता.

तिसरा, घड्याळाचा. ‘लिनक्समुळे मदरबोर्डची बॅटरी उतरते आणि वेळ मागे पडते.’ नणंदेच्या शेजारच्यांनी या नादात बॅटरी दोनदा बदलली, आणि दुकानदाराने दोन्ही वेळा बदलूनही दिली. जरा आकडा बघा की. वेळ चुकते ती बरोब्बर साडेपाच तासांनी, दरवेळी. मेलेली बॅटरी इतकी शिस्तीची असते का? साडेपाच तास म्हणजे आपली वेळ आणि जागतिक वेळ यांतला फरक. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय समजून वाचतं, म्हणून रात्रीचे आठ विंडोजमध्ये दुपारचे अडीच होतात. लिनक्सला ‘तूही स्थानिक वेळच लिही’ असं एकदा सांगितलं की भांडण मिटलं. बॅटरीचे पैसे काही परत येत नाहीत.

पाचवा मुद्दा मला वाटला होता तितका पोकळ निघाला नाही. ‘लिनक्समध्ये मराठी नावांच्या फाइल्स बिघडतात, नावं इंग्रजीतच ठेवा.’ पहिल्यांदा वाचून मी चिडले, कारण माझ्या सगळ्या फाइल्सची नावं गेली कित्येक वर्षं मराठीत आहेत आणि दोन्हीकडे सुखाने उघडतात. मराठी नाव बिघडत नाही. पण भाच्याच्या डिस्कवरून फोटो परत हलवताना एक गोष्ट समोर आली. हा मुलगा फोटोचं नाव म्हणजे बातमीची ओळ लिहितो: कुठला गणपती, कुठली गल्ली, किती वाजता, पाऊस होता की नाही. अशा चार-पाच फाइल्स विंडोजच्या ड्राइव्हवरून ईएक्सटी४ वर जाईचनात. ‘नाव फार लांब’ म्हणे.

कारण मोजमाप वेगळं आहे. एनटीएफएसमध्ये नावाला २५५ अक्षरांची जागा, ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, संगणकाला ते श, हलन्त, र आणि वेलांटी, म्हणजे बारा बाइट. थोडक्यात, नुसत्या देवनागरीत ८५ चिन्हं झाली की जागा संपली. इंग्रजीत नाव ठेवणाऱ्याला हे आयुष्यात कळणार नाही, म्हणून ते इंग्रजी माहितीत कुठे ठळक सापडतही नाही. उपाय इंग्रजी नाव हा नाही. उपाय आहे छोटं नाव, आणि गल्ली-पाऊस वगैरे फोल्डरच्या नावात किंवा वेगळ्या नोंदीत. दुसरी पथ्यं दोन: लिनक्समधून नाव देताना ‘७:३०’ असलं काही लिहू नका, विंडोजला नावात ते दोन ठिपके चालत नाहीत. आणि इंग्रजी नावांत एकच शब्द एकदा लहान, एकदा मोठ्या लिपीत लिहून दोन फाइल्स करू नका, लिनक्सला त्या दोन, विंडोजला सहसा एकच. जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर लिनक्समध्ये अगम्य दिसतो तो प्रकार यात मिसळू नका. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही विंडोजवरही तसाच दिसतो.

सहावा, ‘दोन्हीकडे चालणारी डिस्क हवी तर फक्त फॅट३२.’ फॅट३२ ही फाइल्स मांडायची आणखी एक, जुनी पद्धत. तिच्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही. मिरवणुकीचा एक लांब व्हिडिओ घेतला की संपलं. बाहेरच्या डिस्कसाठी एक्सफॅट ही पद्धत आहे ना. मायक्रोसॉफ्टने त्याची रचना २०१९ मध्ये खुली केली, त्याच वर्षी ते लिनक्सच्या ५.४ कर्नलमध्ये (म्हणजे गाभ्यात) आलं आणि २०२० च्या ५.७ मध्ये चांगल्या ड्रायव्हरसकट. फक्त त्यात रोजनामचं नसतं, तेव्हा डिस्क हिसडून काढायची सवय असेल तर आधी ती सोडा. लॅपटॉपच्या आत दोघांना मिळून एक साठवणीचा भाग हवा असेल तर तो एनटीएफएसचा करा आणि फास्ट स्टार्टअप बंद ठेवा.

उलट दिशेने, विंडोजमधून लिनक्सच्या फाइल्स बघायच्या असतील तर? मेसेजात यावर चकार शब्द नाही, आणि लोक नेमकं तेच विचारतात. नुसतं वाचायला काही सॉफ्टवेअर मिळतात, ती चालतात. डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायच्या सोयीतून) लिनक्सची डिस्क जोडायची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टने दिली आहे, पण ती अख्खी डिस्क मागते, तिचा एक भाग घेत नाही. आणि ज्या डिस्कवरून विंडोज स्वतः चालू आहे ती तिला देता येत नाही. एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं असलेल्या लॅपटॉपला तिचा उपयोग नाही. त्यामुळे मी लिनक्समध्येच जाते आणि तिथून विंडोजच्या भागात फाइल ठेवून येते. लिनक्सला दोन्ही लिपी येतात, तर पायपीट त्यालाच करू द्यावी.

सातवा मुद्दा, ‘हे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, दहा ग्रुपवर पाठवा’. यावर काय बोलणार. ज्या काकांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला त्यांना मी फोन केला होता. गोड माणूस. म्हणाले, “अगं, मला तरी काय कळतं त्यातलं? मला आलं म्हणून पुढे पाठवलं. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून.” ‘उपयोगी पडलं’ असं मी म्हणणार होते, पण ते बिचारे तेवढ्यात फोटो मिळाले का विचारायला लागले. मेसेज त्यांनी काढून टाकला. पुढच्या नऊ ग्रुपांचं मला माहीत नाही.

संध्याकाळी निघण्याआधी फोटो सगळे दोन जागी झाले होते. मूळ डिस्क पुन्हा ईएक्सटी४ केली, आणि या खेपेला भाच्याकडूनच तिची पाटी बदलून घेतली. लिनक्सच्या ‘डिस्क्स’मध्ये तो भाग निवडायचा, ‘एडिट पार्टिशन’मध्ये प्रकार ‘लिनक्स फाइलसिस्टीम’ करायचा. मग लॅपटॉप विंडोजमध्ये सुरू केला आणि डिस्क जोडली. जोडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. चौकट नाही, ई नाही.

“मामी, दिसतच नाहीये आता.”

“हं. काढ आणि कपाटात ठेव.”

नणंदेने डब्यात वडीचं अळू भरून दिलं आणि आम्ही मेगाब्लॉक सुटला का ते बघायला लागलो.